ख्रिस्ती संसारात अखेरचा शब्द कोणाचा?

पुण्यातल्या मराठी ख्रिस्ती लग्नांत विवाहविधीच्या वेळी बायबलमधल्या, प्रेषित पौलाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातला उतारा पुष्कळदा वाचला जातो. पत्नीने पतीच्या अधीन असावे, पती हा पत्नीचे मस्तक आहे, आणि ख्रिस्ताने मंडळीवर, म्हणजे विश्वासणाऱ्यांच्या समुदायावर, प्रीती करून तिच्यासाठी स्वतःला अर्पण केले तशी प्रीती पतीने पत्नीवर करावी, असे त्याचे थोडक्यात सांगणे आहे. वधू हिंजवडीच्या एखाद्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असेल, घराच्या कर्जाचा निम्मा हप्ता तिच्या पगारातून जाणार असेल, तरी उतारा तोच असतो. तो ऐकताना बाकांवर बसलेल्या अनेकांच्या, विशेषतः तरुण मुलींच्या मनात प्रश्न उभा राहतो की, मग घरात अखेरचा शब्द नवऱ्याचाच का?

ख्रिस्ती जगात या प्रश्नाला सर्वमान्य असे उत्तर नाही. पुण्यात तर एकाच नात्यागोत्यात निरनिराळी उत्तरे सापडतात. थोरली बहीण कॅथलिक घरात दिलेली असते, धाकटी चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळीत असते आणि भाऊ उपनगरातल्या एखाद्या स्वतंत्र मंडळीत जाऊ लागलेला असतो. तिघांना विवाहाविषयीचे शिक्षण वेगवेगळे मिळते, आणि नाताळच्या जेवणाला सगळे एकत्र बसले की तो फरक बोलण्यात उतरतो. या वादात शास्त्र श्रद्धेने वाचणारी माणसे दोन्ही बाजूंना आहेत. माझा स्वतःचा कल मी लपवणार नाही, पण दुसऱ्या बाजूचे म्हणणे तिच्या सर्वांत भक्कम रूपात मांडल्याशिवाय वाद समजत नाही, म्हणून आधी उताऱ्यापासूनच सुरुवात करू.

उतारा नेमका कोणाला काय सांगतो

हे पत्र लिहिले गेले त्या रोमन जगात घराची उतरंड पक्की होती. ग्रीक तत्त्वज्ञ अॅरिस्टॉटल याने येशूच्या तीनशेहून अधिक वर्षे आधी घराचे वर्णन तीन नात्यांत केले होते: धनी आणि दास, पती आणि पत्नी, पिता आणि अपत्ये. या तिन्ही नात्यांत राज्य करणारा पुरुष एकच, घरचा धनी. रोमन कायद्यानेही कुटुंबप्रमुख पित्याला घरातल्या माणसांवर आणि मालमत्तेवर फार मोठा अधिकार दिलेला होता. घर कसे चालवावे याचा उपदेश करणारे लेखक बहुधा या धन्यालाच उद्देशून लिहीत, कारण बाकीच्यांना ठरवण्यासारखे काही आहे असे त्यांना वाटतच नसे.

इफिसकरांस पत्रात हीच तीन नाती त्याच जोड्यांनी येतात, त्यामुळे पहिल्या श्रोत्यांना सांगाडा ओळखीचा वाटला असणार. बदल झाला तो बोलण्याच्या दिशेत. इथे पत्नीशी, मुलांशी आणि दासांशी थेट बोलणे आहे, आणि तेही प्रत्येक जोडीत आधी. पत्नीला उद्देशून तीन वचने आहेत, तर पतीला उद्देशून त्याच्या जवळपास तिप्पट. त्या एवढ्या वचनांत पतीने पत्नीला अधीन ठेवावे, तिच्याकडून आज्ञापालन करवून घ्यावे, असे कुठेही म्हटलेले नाही. त्याला जे सांगितले आहे ते प्रीती करण्याचे, स्वतःच्या देहासारखे तिला जपण्याचे आणि तिच्यासाठी स्वतःला देऊन टाकण्याचे. अधीन होणे ही पत्नीने आपण होऊन करण्याची गोष्ट म्हणून येते. पतीने वसूल करण्याचे देणे म्हणून ती येत नाही. या विषयावरच्या चर्चेत हा मुद्दा फार लवकर हातातून निसटतो. तो घट्ट धरून ठेवला, तर निम्मी भांडणे तिथेच थांबतील असे मला वाटते.

दुसरी गोष्ट उताऱ्याच्या सुरुवातीची. पत्नीविषयीच्या वचनाच्या लगेच आधी, एकविसाव्या वचनात, सगळ्या विश्वासणाऱ्यांना सांगितले आहे की त्यांनी ख्रिस्ताचे भय धरून एकमेकांच्या अधीन असावे. सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत बाविसाव्या वचनाला स्वतःचे क्रियापद नाही. ते एकविसाव्या वचनातूनच घ्यावे लागते. म्हणजे पत्नीची अधीनता ही सर्वांनी एकमेकांशी ठेवायच्या अधीनतेच्या धाग्यातच ओवलेली आहे. बाविसाव्या वचनापासून वाचायला सुरुवात केली की हा धागा तुटतो, आणि घराघरांत हा उतारा ऐकवला जातो तेव्हा सुरुवात बहुधा तिथूनच होते.

दोन विचारप्रवाह

आजच्या प्रोटेस्टंट जगात यावर दोन ठळक मते आहेत. पहिल्याला पूरक भूमिकांचा विचार म्हणता येईल. स्त्री आणि पुरुष देवाच्या दृष्टीने समान मोलाचे आहेत, परंतु विवाहात त्यांना दिलेल्या भूमिका वेगळ्या आहेत, असे हे मत सांगते. आदामाची निर्मिती आधी झाली, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात या क्रमाचा आधार घेतलेला आहे, आणि ख्रिस्त व मंडळी यांच्या नात्याचे चित्र विवाहात उमटायचे असेल तर नेतृत्व करणारा आणि ते स्वीकारणारी असा भेद त्या चित्राचाच भाग आहे, असा त्याचा युक्तिवाद आहे. या मताचा सर्वांत प्रसिद्ध जाहीरनामा अमेरिकेतल्या डॅनव्हर्स या गावाच्या नावाने ओळखला जातो आणि तो 1987 सालचा आहे. पुढे 1998 साली अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्ट मंडळींनी आपल्या विश्वासाच्या निवेदनात कुटुंबाविषयी नवे कलम घातले आणि पत्नीने पतीच्या सेवाभावी नेतृत्वाला स्वखुशीने अधीन व्हावे असे त्यात म्हटले. इंटरनेटवरची प्रवचने आणि इंग्रजी पुस्तके यांच्या वाटेने हा विचार आपल्याकडच्या अनेक स्वतंत्र मंडळ्यांतही पोचला आहे.

या मताला केवळ पुरुषी सत्तेचे समर्थन म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे होईल. डॅनव्हर्सच्या जाहीरनाम्यातच पतींनी कठोर आणि स्वार्थी नेतृत्व सोडून द्यावे असे स्पष्ट लिहिलेले आहे. हे मत मनापासून मानणारा नवरा नेतृत्वाकडे जबाबदारी म्हणून पाहतो: घरात प्रार्थना सुरू राहील हे पाहणे, चूक झाल्यास आधी स्वतः क्षमा मागणे, घरावर संकट आले तर ते आधी आपल्या अंगावर घेणे. दारूच्या पायी विसकटलेला एखादा संसार, नवरा या शिकवणीने जबाबदार झाला म्हणून सावरला, असेही घडते, आणि अशा घरातल्या बाईला नेतृत्व हा शब्द बोचत नाही. नवऱ्याने अखेर काहीतरी जबाबदारी घेतली, याचेच तिला समाधान असते.

दुसरे मत समतेचे. त्याचा पाया उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात आहे. तिथे देवाने मनुष्याला आपल्या प्रतिरूपाचे, नर व नारी असे निर्माण केले आणि पृथ्वीवरची सत्ता दोघांना मिळून सोपवली. पुरुष स्त्रीवर सत्ता चालवील हे वाक्य प्रथम येते ते तिसऱ्या अध्यायात, आदाम-हव्वेच्या आज्ञाभंगानंतर, काट्याकुसळांच्या आणि प्रसूतिवेदनांच्या बरोबरीने. समतावादी विचारतात की, पापामुळे बिघडलेल्या जगाचे जे वर्णन आहे, त्याला आपण देवाची मूळ योजना कसे म्हणायचे? काटे उपटून शेती करायला आपण कचरत नाही, वेदना कमी करायला दवाखान्यात जातो. मग सत्तेचे तेवढे नाते जपून का ठेवायचे? गलतीकरांस पत्रातले वचन, ख्रिस्ताच्या ठायी दास आणि स्वतंत्र, पुरुष आणि स्त्री हा भेद उरत नाही, हा त्यांचा दुसरा आधार. या मताच्या अमेरिकेतल्या लोकांनी 1988 मध्ये आपली स्वतंत्र संस्था स्थापन केली.

दोघांमधली सर्वांत खरी झटापट होते ती दासांच्या प्रश्नावर. इफिसकरांस पत्राच्या याच भागात पुढे दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे असेही सांगितलेले आहे, आणि एकोणिसाव्या शतकात गुलामांचे मालक या वचनांवर बोट ठेवून गुलामगिरीचे समर्थन करत होते. आज कोणतीही मंडळी तसे करत नाही. समतावादी म्हणतात की, दासांविषयीचे वचन आपण त्या काळाच्या समाजरचनेला धरून दिलेला सल्ला म्हणून वाचतो, तर त्याच पानावरचे पत्नीविषयीचे वचन त्रिकालाबाधित कसे? पूरक भूमिका मानणारे उत्तर देतात की, दास्य ही माणसांनी निर्माण केलेली संस्था आहे, विवाह मात्र देवाने निर्मितीच्या वेळीच स्थापन केला, म्हणून दोन्हींना एक न्याय लावता येत नाही. हे उत्तर पोकळ नाही. परंतु विवाह देवाने स्थापला म्हणजे विवाहातली उतरंडही त्यानेच स्थापली, हे त्यातून आपोआप सिद्ध होत नाही, आणि माझे पाऊल तिथेच अडते.

मस्तक म्हणजे अधिकारी की उगम, या ग्रीक शब्दाच्या अर्थावरही विद्वानांचा मोठा वाद आहे. त्याचा निकाल इथे लागणार नाही आणि सामान्य जोडप्याला तो लागण्याची वाट पाहण्याचे कारणही नाही, कारण मस्तक म्हणून ख्रिस्ताने काय केले हे त्याच उताऱ्यात लिहिलेले आहे: त्याने स्वतःचा जीव दिला.

पौल प्रत्यक्ष निर्णयाबद्दल बोलतो तेव्हा

तत्त्वाची चर्चा पुष्कळ होते, पण नवऱ्या-बायकोने एखादा ठरावीक निर्णय कसा घ्यावा, हे प्रेषित पौल कुठे सांगतो का? सांगतो, आणि ती जागा करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात आहे. विषय दांपत्यजीवनातल्या शरीरसंबंधाचा आहे, म्हणून चर्चमध्ये तो मोठ्याने वाचला जाताना फारसा ऐकू येत नाही. पत्नीच्या शरीरावर तिचा स्वतःचा नव्हे तर पतीचा अधिकार आहे, असे पौल म्हणतो. इथपर्यंत त्या काळातल्या कोणालाही नवल वाटले नसते. पण लगेच तो तेच वाक्य उलट बाजूने म्हणतो: तसाच पतीच्या शरीरावर त्याचा स्वतःचा नव्हे तर पत्नीचा अधिकार आहे. आणि प्रार्थनेसाठी काही काळ वेगळे राहायचे असेल, तर ते दोघांच्या संमतीनेच, तेही थोड्या काळापुरते, असे तो बजावतो.

प्रार्थनेसारख्या, नवऱ्याच्या आध्यात्मिक नेतृत्वाखाली येतात असे मानल्या जाणाऱ्या बाबतीतसुद्धा पौल पतीला एकट्याने ठरवू देत नाही. दोघांचे एकमत झाले नाही तर पतीचे मत जड मानावे, असे तो म्हणत नाही. अखेरचा शब्द पतीचा ही कल्पना ज्या प्रवचनांत ठामपणे मांडली जाते, त्यांत हा अध्याय मला क्वचितच भेटतो.

उलट बाजूने प्रेषित पेत्राच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय पुढे केला जातो. अब्राहाम या मूळपुरुषाची पत्नी सारा त्याला धनी म्हणत त्याच्या आज्ञेत राहिली, असे तिथे आहे, आणि ते वाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे नाही. पण साराची गोष्ट उत्पत्तीत पूर्ण वाचली, तर एकविसाव्या अध्यायात देव अब्राहामाला सांगतो की सारा जे म्हणते ते ऐक. शिवाय पेत्र ज्या स्त्रियांना लिहीत होता, त्यांतल्या काहींचे नवरे विश्वासणारे नव्हते. त्या काळच्या रीतीत पत्नीने नवऱ्याच्याच देवांची पूजा करावी अशी अपेक्षा असे. प्लुटार्क या ग्रीक लेखकाने नवविवाहितांना केलेल्या उपदेशात तसे सरळ लिहिले आहे. म्हणजे या बायका ख्रिस्ती झाल्या हीच मुळात नवऱ्याच्या इच्छेबाहेरची गोष्ट होती, आणि पेत्र त्यांना विश्वास सोडायला सांगत नाही. अधीनतेचा उपदेश करणाऱ्या त्या अध्यायातही पत्नीची सदसद्विवेकबुद्धी नवऱ्याच्या हवाली केलेली नाही.

शास्त्रात या विषयावर एक जोडपेही आहे, अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला. सम्राट क्लौद्य याने यहुद्यांना रोममधून घालवल्यावर ते करिंथला आले, तंबू बनवण्याचा धंदा दोघे मिळून करत, पौल त्यांच्याच घरी राहून काम करी, आणि अपुल्लो या विद्वान वक्त्याला बाजूला घेऊन त्याच्या शिकवणीतली उणीव भरून काढण्याचे कामही दोघांनी मिळून केले. नव्या करारात या दोघांचा उल्लेख जिथे येतो, तिथे बहुतेक ठिकाणी प्रिस्किल्लेचे नाव आधी आहे. घरात कोण नेतृत्व करत होते, हे कुणी सांगितलेले नाही, आणि ते सांगावे असे लिहिणाऱ्याला वाटलेही नाही.

कॅथलिक शिकवणीतला बदल

पुण्याचा कॅथलिक धर्मप्रांत 1886 सालचा, आणि नाना पेठेतले सिटी चर्च तर पेशव्यांनी दिलेल्या जागेवर 1792 मध्ये उभे राहिलेले. त्यामुळे शहरातल्या अनेक कुटुंबांना विवाहाची कॅथलिक शिकवण पिढ्यान्‌पिढ्या परिचयाची आहे. ती शिकवण मात्र स्थिर राहिलेली नाही. 1930 साली पोप अकरावे पायस यांनी विवाहावर लिहिलेल्या पत्रात पती हे कुटुंबाचे मस्तक आणि पत्नी हे हृदय, अशी मांडणी होती. त्याच पत्रात त्यांनी हेही म्हटले होते की, जे बुद्धीला पटत नाही किंवा पत्नीच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असे काही पतीने मागितले तर ते मानण्याचे बंधन तिच्यावर नाही. 1988 मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी स्त्रीच्या प्रतिष्ठेवरच्या पत्रात एक पाऊल पुढे टाकले आणि इफिसकरांस पत्रातली अधीनता ही पती-पत्नी दोघांची एकमेकांप्रती असलेली अधीनता म्हणून समजावून घ्यावी, असे सांगितले. 2016 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कुटुंबावरच्या पत्रात, पतीच्या अधीन राहण्याविषयीच्या त्या शब्दांत त्या काळच्या समाजाच्या कल्पना उमटल्या आहेत हे मोकळेपणाने मान्य केले आणि लैंगिक अधीनतेचा प्रत्येक प्रकार नाकारला. 1983 च्या धर्मसंहितेतही दांपत्यजीवनाच्या बाबतीत पती आणि पत्नीची कर्तव्ये व हक्क समान असल्याचे कलम आहे.

कॅथलिक विवाहात या उताऱ्याचा छोटा पाठ वाचण्याची मुभा आहे. तो पाठ पतींना केलेल्या उपदेशापासून सुरू होतो आणि पत्नीच्या अधीनतेची वचने त्यात येत नाहीत. काहींना ही पळवाट वाटते. मला वाटते की पूर्ण उतारा एकविसाव्या वचनापासून वाचावा आणि धर्मगुरूंनी त्यावर दहा मिनिटे बोलावे, कारण न वाचलेले वचन लोक विसरत नाहीत, ते घरी जाऊन आपल्या सोयीने लावतात.

दोन मराठी बायका आणि त्यांचा प्रश्न

अधिकार आणि सदसद्विवेकबुद्धी यांचा हा झगडा मराठी ख्रिस्ती समाजाला परका नाही. पंडिता रमाबाईंनी 1882 मध्ये पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला, आणि पुण्यात काम करणाऱ्या, इंग्लंडमधल्या वाँटेज गावच्या धर्मभगिनींच्या ओळखीने पुढच्याच वर्षी त्या इंग्लंडला गेल्या. तिथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. चेल्टनहॅम इथे असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे का, असा प्रश्न निघाला, तेव्हा चर्चच्या वरिष्ठांनी, ज्यांत हिंदुस्थानातले बिशपही होते, त्याला हरकत घेतली. रमाबाईंना याचे आश्चर्य वाटले आणि त्यांनी ते स्पष्ट शब्दांत कळवले. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले होते. आपल्या वडिलांनी किंवा पतीने जे कधी रोखले नाही, ते रोखणारे हे कोण, असा त्यांचा रोख होता. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटका करून घेतल्यावर तसलेच दुसरे जोखड मानेवर घेणार नाही, अशा आशयाचे पत्रही त्यांनी लिहिले. ख्रिस्तावरचा त्यांचा विश्वास मात्र शेवटपर्यंत ढळला नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये राहून त्यांनी पवित्र शास्त्राचा मराठी अनुवाद मूळ भाषांतून पूर्ण केला, आणि 1922 मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले.

लक्ष्मीबाई टिळकांची वाट निराळी. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा तो निर्णय त्यांचा एकट्याचा होता. पती हेच पत्नीचे मस्तक असेल तर तिचा धर्मही त्याच्याबरोबर बदलायला हवा, असे कोणी म्हणू शकले असते. लक्ष्मीबाईंनी तसे केले नाही. त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या, पुढे पतीकडे राहायला आल्यावरही आपले सोवळे-ओवळे पाळत राहिल्या, आणि स्वतःच्या विचाराने मन बदलले तेव्हा, पाच वर्षांनी, 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी वाट पाहिली. पतीचे नेतृत्व मानायचेच असेल तर ते वाट पाहण्याच्या या रूपातही असू शकते, हे मराठी ख्रिस्ती घरांनी विसरू नये असे मला फार वाटते.

घरचा कर्ता ही कल्पना आली कुठून

आपल्याकडे ख्रिस्ती कुटुंबातही वडीलधारी माणसे नवऱ्याला घरचा कर्ता म्हणतात, आणि पवित्र शास्त्रातले नेतृत्व म्हणजे हेच, असे सहज धरून चालतात. कर्ता ही हिंदू एकत्र कुटुंबाच्या कायद्यातली संकल्पना आहे. ख्रिस्ती माणसाला लागू होणाऱ्या 1925 च्या भारतीय वारसा कायद्यात एकत्र कुटुंबही नाही आणि त्याचा कर्ताही नाही. मृत्युपत्र न करता कोणी वारले तर विधवेला जो वाटा मिळतो तोच नियम विधुराला लागू होतो, आणि मुलगा-मुलगी यांचा वाटा सारखा असतो. म्हणजे कर्तेपणाची ही जाणीव आपण इफिसकरांस पत्रातून कमी आणि आजूबाजूच्या मराठी समाजाच्या रीतीतून जास्त घेतली आहे. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. क्रूस ओवलेले मंगळसूत्र आणि लग्नातले उखाणे हेही आपण त्याच मातीतून घेतले आहेत. फक्त रीत कोणती आणि वचन कोणते, हे वेगळे ठेवता आले पाहिजे. पुरुषांची पंगत आधी बसावी, सासूशी बोलताना सुनेने नजर खाली ठेवावी, बायकोचा पगार नवऱ्याच्या खात्यात जावा, या गोष्टींना प्रेषितांच्या पत्रांत कुठलाही आधार नाही.

एक उदाहरण घेऊ. वडगाव शेरीत राहणारे जोडपे आहे, दोघांनाही नोकरी, पदरात चार वर्षांची मुलगी. नवऱ्याला बंगळुरूला बढती मिळते आणि महिन्याभरात हजर व्हायचे असते. बायकोचे आईवडील खडकीत एकटे राहतात, वडिलांचे डायलिसिस आठवड्यातून दोनदा असते आणि त्यांना रुग्णालयात नेणारी तीच. हीच बढती तिला मिळाली असती, तर घरात चर्चा झाली असती का, हा पहिला प्रश्न. पूरक भूमिका मानणारा नवराही, त्याने आपली शिकवण नीट ऐकली असेल तर, जायचे ठरले असे म्हणून मोकळा होऊ शकत नाही, कारण प्रीतीचा पुरावा त्याच्याकडे मागितलेला आहे, आणि इथे स्वतःला अर्पण करणे याचा सरळ अर्थ बढती सोडणे असाही होऊ शकतो. समतावादी जोडप्यालाही सोपे जात नाही. तिथे दोघांना समान मत असते आणि मते दोनच असतात, त्यामुळे बहुमत होत नाही. सहा महिने थांबू, कंपनीकडे घरून काम मागू, तिच्या भावाने निम्मी जबाबदारी घ्यावी असे त्याच्याशी बोलू, अशी वाटाघाट करतच पुढे जावे लागते. मी पाहिलेल्या सुखी घरांत, ती कोणत्याही मताची असोत, ही वाटाघाट असतेच. अखेरचा शब्द वापरण्याची वेळ तिथे क्वचितच येते.

कागदावरचे नाव आणि घरातला आवाज यांत अंतर असू शकते, हेही पुण्यात दिसते. महाराष्ट्रात 2021 पासून घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, म्हणून अनेक सदनिका बायकोच्या नावावर होतात. ती सदनिका विकायची की ठेवायची हे मात्र पुढे तिला विचारून ठरतेच असे नाही.

नेतृत्व कुठे संपते

मारहाण, धमकावणे, पैसे अडवून धरणे, माहेरी जाऊ न देणे, फोन तपासणे यांना कोणत्याही विचारप्रवाहाचा आधार नाही. पूरक भूमिका मानणारे जबाबदार शिक्षकही हे सांगतात, परंतु व्यासपीठावरून ते सांगितले जाते त्यापेक्षा कितीतरी अधिक वेळा अधीनतेचे वचन सांगितले जाते, आणि घरात मार खाणारी बाई नेमके तेच ऐकून गप्प बसते. रडत आलेल्या बाईला प्रार्थना करा, अधीन राहा, देव त्याचे मन बदलील, असे सांगून परत त्याच घरात पाठवणे हा उपदेश नाही, तिला धोक्यात ढकलणे आहे. पाळकांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, किंवा पाळकीणबाईंनी अशा वेळी आधी ती आणि मुले सुरक्षित आहेत ना, हे पाहिले पाहिजे. समेटाचे बोलणे त्यानंतर, आणि तिला हवे असेल तरच. 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे आणि शारीरिक छळाबरोबर लैंगिक, मानसिक व आर्थिक छळही त्यात येतो. 181 ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे, आणि हा क्रमांक चर्चच्या सूचनाफलकावर असायला हरकत नसावी.

कायद्याचा इतिहासही इथे बोलका आहे. ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या 1869 च्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याला फक्त पत्नीचा व्यभिचार सिद्ध करून घटस्फोट मिळत असे. पत्नीला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता, दोन वर्षे सोडून जाणे असे आणखी काही सिद्ध करावे लागे. नुसत्या छळासाठी तिला घटस्फोट नव्हता. 1997 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने हा भेद घटनाबाह्य ठरवला आणि 2001 च्या दुरुस्तीने दोघांसाठी कारणे समान झाली, परस्पर संमतीने घटस्फोटाची सोयही आली. म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षे ख्रिस्ती पत्नी कायद्यानेच दुय्यम होती, आणि त्या काळात वाढलेल्या पिढ्यांना तोच देवाचा क्रम वाटला असेल तर त्यात नवल नाही.

हे सगळे बोलण्याची योग्य वेळ लग्नाआधीची आहे. कॅथलिक जोडप्यांना विवाहपूर्व शिबिर करावे लागते आणि अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत पाळक वधूवरांना दोन-तीनदा भेटतात. त्या भेटींत विधीची तालीम, कागदपत्रे आणि हॉलची वेळ यांत बराच वेळ जातो. त्यातला अर्धा तास काढून पाळकांनी दोघांना वेगवेगळे विचारावे, की एकमत झाले नाही तर तुमच्या घरात काय होईल असे तुम्हाला वाटते, आणि मग दोघांची उत्तरे एकमेकांना ऐकवावीत. आईवडिलांना पैसे कोण किती पाठवणार, पगार एका खात्यात येणार की दोन, मूल झाल्यावर नोकरी कोणाची थांबणार, आणि दोघे वेगवेगळ्या मंडळ्यांतले असतील तर रविवारी कुठे जायचे, हे प्रश्न तिथेच मांडावेत.

बाळाच्या बाप्तिस्म्याचा प्रश्न या सर्वांत अवघड, कारण काही मंडळ्या तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देतात आणि काही फक्त समजत्या वयाच्या माणसाला. हा श्रद्धेचा प्रश्न आहे, त्यामुळे इथे कोणाचाही अखेरचा शब्द लादता येत नाही. कॅथलिक व्यक्तीने दुसऱ्या मंडळीतल्या व्यक्तीशी लग्न केले, तर मुलांचा बाप्तिस्मा कॅथलिक चर्चमध्ये व्हावा यासाठी आपण शक्य ते सर्व करू, असे वचन तिच्याकडून घेतले जाते, आणि दुसऱ्या जोडीदाराला त्या वचनाची स्पष्ट कल्पना दिली जाते. वचन देणारी व्यक्ती नवरा आहे की बायको, याने त्या नियमात काही फरक पडत नाही.